बॅग खालूनच का गळते?

प्रश्न : सिस्टर, दीड महिन्यापूर्वी यांचं आतड्याचं ऑपरेशन झालं, इलिओस्टोमी केली आहे, म्हणजे लहान आतड्याचं तोंड पोटावर काढून त्यावर मळाची बॅग लावली आहे. सुरुवातीला बॅग चार दिवस टिकायची, आता दुसऱ्याच दिवशी खालून गळते. कातडी लालबुंद झालीय, आग होते. मी पेस्ट वाढवली, वरून चिकटपट्टी लावली, तरी तेच. बॅग भरू नये म्हणून यांनी जेवण-पाणी कमी केलंय. पोटावरच्या त्या तोंडाकडे, स्टोमाकडे तर बघतही नाहीत, सगळं मीच करते.

उत्तर : ताई, पेस्ट बाजूला ठेवा, आधी माप घ्या. ऑपरेशननंतर सुजलेला स्टोमा ६ ते ८ आठवड्यांत बराच आक्रसतो. तुम्ही बहुधा अजून पहिल्याच मापाने बॅगची कातडीला चिकटणारी चकती कापताय. मग कडेची कातडी उघडी राहते आणि त्या पातळ मळातले पाचक रस ती जाळतात. ओल्या कातडीला चकती धरत नाही, की पुन्हा गळती. भोक स्टोमापेक्षा २-३ मिलिमीटरच मोठं हवं.

काढलेली चकती फेकण्याआधी उलटी करून बघा. गोंद जिथे फुगून विरघळलाय, तिथूनच मळ शिरतोय. आता यांना बसवून तीच जागा बघा. बसल्यावर तिथे घडी किंवा खळगा पडत असेल. पेस्ट तेवढ्यापुरतीच, लाकडातली फट लांबीने बुजवतात तशी. चिकटपट्टीने गळती थांबत नाही, मळ आत कोंडतो, बस्स.

धुवायला नुसतं कोमट पाणी. तेल, क्रीम, अँटिसेप्टिक काही नको. टिपून कोरडं करा, चिघळलेल्या जागी स्टोमा पावडर भुरभुरवा आणि जास्तीची झटका. चकती बसवल्यावर मिनिटभर तळहात दाबून धरा. पुसताना रक्ताचा थेंब दिसला तर चालतं. स्टोमा काळा-जांभळा पडला, तर तडक सर्जनकडे.

मला खरी काळजी यांच्या पाण्याची आहे. उपाशी राहिलं तरी आतडं रस सोडतंच, वर गॅस वाढतो. पाणी आणि मीठ ओढून घेणारं मोठं आतडं आता वाटेत नाही. लघवी कमी किंवा गडद, चक्कर, पायात पेटके असं काही असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. अशा वेळी नुसतं पाणी पुरत नाही, ओआरएस लागतं. बॅगचं म्हणाल तर एक-तृतीयांश भरली की रिकामी करायची.

आणि ते बघत नाहीत, तर आत्ता चकती बदलायला लावू नका. बॅग रिकामी करून तोंड बंद करणं, एवढंच त्यांच्याकडे सोपवा. १९५८ साली क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी स्टोमाच्या रुग्णांना मदत करायला नेमलेल्या नॉर्मा गिल नर्स नव्हत्या, त्यांना स्वतःलाच इलिओस्टोमी होती. मला त्यांची निवड अजूनही बिनतोड वाटते. तुमच्या सर्जनला सांगून स्टोमा असलेल्या एखाद्या पुरुषाशी यांची गाठ घालून द्या. झोपेत बॅग सुटेल का, बायकोजवळ जाता येईल का, हे ते मला विचारणार नाहीत, तुम्हालाही नाही. तेव्हा त्या वेळी तुम्ही खोलीत थांबू नका.