स्लीव्हनंतर आईचं वजन उतरलं, मग एलडीएल का वाढलं? गोळी बंद करावी का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: आई परभणीला, वजन कमी करायचं स्लीव्ह ऑपरेशन (जठराचा मोठा भाग कापून ते लहान करतात) पुण्यात, चार महिन्यांत बावीस किलो कमी, साखरेची गोळी अर्ध्यावर आली. आणि परवाच्या रिपोर्टात एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 122 वरून 141, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) 36 वरून 33. घरात आता दोन तट पडलेत. एक म्हणतो पैसे पाण्यात गेले, दुसरा म्हणतो वजन उतरलं ना, मग कोलेस्टेरॉलची गोळी कशाला?

दोघंही चुकतायत. मी डॉक्टर नाही, लातूरला लॅबमध्ये काम करतो. पण असे रिपोर्ट हातात घेऊन घाबरलेली माणसं काउंटरवर रोज भेटतात.

तुम्ही टाकलेले दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवा आणि एलडीएलची ओळ जरा बाजूला राहू द्या. ऑपरेशनआधी एकूण कोलेस्टेरॉल 210, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 260. आता 200 आणि 130. म्हणजे ट्रायग्लिसराइड निम्म्यावर आलंय. खरी बातमी ही आहे, आणि घरात तिच्याबद्दल कुणी बोलतच नाही.

आता एलडीएल. बहुतेक लॅब ते थेट मोजत नाहीत, हिशेबानं काढतात: एकूणमधून एचडीएल वजा करायचं, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करायचा. पहिल्या रिपोर्टात 210 वजा 36 वजा 52, उरले 122. दुसऱ्यात 200 वजा 33 वजा 26, उरले 141. वजा करायचा आकडाच निम्मा झाला, म्हणून उरलेला फुगला. रिपोर्टात व्हीएलडीएलच्या (ट्रायग्लिसराइड वाहून नेणाऱ्या कोलेस्टेरॉलच्या) ओळीत तुम्हाला हेच 52 आणि 26 दिसतील. शिवाय ट्रायग्लिसराइड जास्त असताना हे सूत्र एलडीएल कमीच दाखवतं (400 च्या वर तर वापरतच नाहीत), त्यामुळे जुने 122 सुद्धा खरे किती होते कोण जाणे. अशा वेळी एकूणमधून फक्त एचडीएल वजा करून बघावं. आईंचं आधी 174 होतं, आता 167. थोडं का होईना, खालीच आलंय. फारच शंका असेल तर पुढच्या वेळी डायरेक्ट एलडीएल सांगा, थोडे पैसे जास्त पडतील.

एचडीएलची काळजी आत्ता करू नका. वजन झपाट्यानं उतरत असताना पहिले काही महिने ते खाली जातंच. वजन एका जागी थांबलं की चढायला लागतं, आणि वर्षभरानं बहुतेकांचं आधीपेक्षा जास्त भरतं.

पण 167 म्हणजे फार उतरलं असंही नाही. स्लीव्हचा स्वभावच तसा आहे. ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल ती चांगलं सुधारते, एलडीएलला फारसा धक्का लावत नाही. वजनासाठीच्या बायपासमध्ये (हृदयाचं नव्हे, यात जठरासोबत आतड्याचीही वाट बदलतात) एलडीएलही बऱ्यापैकी उतरतं, म्हणून तुम्ही नांदेडच्या मावसभावाशी केलेली तुलना सोडून द्या, त्यांचं ऑपरेशनच वेगळं, बायपासचं. आतड्याचा आणि कोलेस्टेरॉलचा संबंध जुना आहे. अमेरिकेत हेन्री बुकवाल्ड नावाच्या सर्जननं हार्ट अटॅक येऊन गेलेल्या 838 जणांवर मोठा अभ्यास केला, तो 1990 साली छापून आला. निम्म्या लोकांच्या लहान आतड्याचा शेवटचा भाग वाटेतून वगळला होता. पित्तातली आम्लं तिथूनच परत शोषली जातात. ती वाट बंद झाल्यावर यकृताला नवी आम्लं तयार करावी लागली, त्यासाठी त्यानं रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतलं, आणि त्या लोकांचं एलडीएल पाच वर्षांनी दुसऱ्या गटापेक्षा 38 टक्के कमी होतं. स्लीव्हमध्ये फक्त जठर कापतात, आतड्याला हात लावत नाहीत.

म्हणून स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, आपल्या मनानं बंद करायची नाही. साखरेची गोळी कमी झाली म्हणून हीही जाईल, हा हिशेब चुकीचा आहे. चाळिशी ओलांडलेल्या मधुमेहींना ती बहुतेकदा आकडा कितीही असो दिली जाते. कमी करायची असेल तर ते ज्यांनी सुरू केली त्यांनी ठरवावं.

थायरॉइडची गोळी चालू आहे असं तुम्ही ओघात लिहिलंय. ऑपरेशननंतर कॅल्शियम आणि लोह सुरू झालं असणार. सगळ्या गोळ्या सकाळी एकदम घेतायत का? कॅल्शियम आणि लोह थायरॉइडची गोळी नीट शोषू देत नाहीत, टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की चढणारा रक्तातला आकडा) वाढतो, आणि टीएसएच वाढला की एलडीएलही वाढतं. थायरॉइडची उपाशीपोटी, कॅल्शियम आणि लोह त्यानंतर चार तासांनी. पुढच्या वेळी टीएसएच सोबत करून घ्या.

दुसरं, पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून दिलेली उर्सोडीऑक्सिकोलिक आम्लाची गोळी. चरबी वितळते तसं यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल टाकतं आणि खडे धरतात. ही गोळी साधारण सहा महिने देतात, आणि ॲसिडिटी नाही म्हणून लोक ती मध्येच सोडतात. ॲसिडिटीची पँटोप्राझोल वेगळी, ही वेगळी. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ आली तर सोनोग्राफी लांबणीवर टाकू नका.

खाण्याचं म्हणाल तर करडईचं तेल चांगलंच, पण तेल ते तेल, चमच्यानं मोजूनच. माझी भीती वेगळीच आहे. भाकरी अडकते म्हणून घरचे मायेनं शिरा, खव्याचा पेढा, आइसक्रीम पुढे करतात. ते घशाखाली सहज उतरतं आणि खाली आलेलं ट्रायग्लिसराइड परत वर नेतं. भाकरी ताकात कुस्करून द्या, सोबत घट्ट वरण, मोड आलेली मटकी मऊ शिजवून, चालत असेल तर अंडं.

पुढची तपासणी लगेच पुढच्या महिन्यात नको. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर सहा महिन्यांच्या फेरीला करा, मग वर्षाला. आणि पुण्याला जाताना ऑपरेशनआधीचा रिपोर्ट फाइलीत ठेवा, नुसता नवा कागद दाखवला तर डॉक्टरांनाही 141 च दिसतील.