अर्नेस्ट थॉम्पसन सेटनच्या प्राणीकथा खरंच घडलेल्या आहेत का? लहान मुलांना द्याव्यात का?

तुम्ही विचारलंय की सेटनच्या प्राणीकथांवर ‘सत्यकथा’ असा शिक्का असतो तो कितपत खरा, हा माणूस होता तरी कोण, आणि दहा वर्षांच्या मुलीला या गोष्टी वाचायला द्याव्यात का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते: द्या. फक्त सुरुवात ‘लोबो’ या लांडग्याच्या गोष्टीपासून करू नका. होतं नेमकं उलट, कारण त्याच्या गाजलेल्या पुस्तकात तीच पहिली गोष्ट आहे.

मी माळरानावरच्या एका गावात शिक्षिका आहे आणि वाचनाच्या तासाला या गोष्टी मराठीत करून सांगते. सांगता सांगता माझ्यापुरता एक निकष ठरून गेलाय. प्रत्येक प्रसंगाला सेटनला एकच विचारायचं: बाबा रे, हे तुला कसं कळलं? ‘माग काढून कळलं’ असं उत्तर मिळालं तर विश्वास ठेवायचा. उत्तरच मिळत नसेल तर निव्वळ गोष्ट म्हणून वाचायचं.

त्याचं ‘वाइल्ड अ‍ॅनिमल्स आय हॅव नोन’ 1898 साली न्यूयॉर्कमध्ये निघालं. त्यात आठ गोष्टी आहेत: लांडगा, कावळा, ससा, कोल्हीण, रानघोडा, तित्तिराच्या जातीतला एक पक्षी आणि दोन कुत्री. या कथा खऱ्या आहेत, अशीच प्रस्तावनेची सुरुवात आहे. पुस्तक विकणाऱ्यांना तेवढं पुरलं. पण पुढं वाचत गेलात तर तो स्वतःच चोख हिशेब देतो. लोबोमध्ये फेरफार जवळजवळ नाही, म्हणतो. बिंगो हा 1882 ते 1888 त्याचाच कुत्रा. रानघोडा कसा मेला याबद्दल वाद आहे, हेही सांगून टाकतो. वुली नावाचा मेंढ्यांचा राखणदार कुत्रा म्हणजे खरं तर दोन वेगवेगळे कुत्रे जोडून केलेला एक. आणि कावळा, ससा, कोल्हीण यांच्या चरित्रात त्यांच्या जातीतल्या इतरांचे अनुभवही त्यानं घातलेत. म्हणजे ‘घडलेले प्रसंग, पण एकाच जिवाच्या नावावर चढवलेले’. लपवाछपवी त्यात नाही. फक्त प्रस्तावना वाचतो कोण?

आता लोबो. न्यू मेक्सिकोतल्या करंपॉ खोऱ्यात 1893-94 च्या हिवाळ्यात हे घडलं. त्याआधीच्या काही वर्षांत त्या मुलखातले बायसनचे कळप माणसानं मारून संपवले होते आणि मोकळ्या कुरणांवर गुरं आणून सोडली होती. लांडग्यानं खायचं काय? त्यानं गुरं धरली, आणि मग त्याच्या डोक्यावर बक्षीस लागलं. गोष्टीत ते हजार डॉलर आहे. ओळखीच्या एका रँचमालकानं सेटनला बोलावलं ते लोबोचं चरित्र लिहायला नव्हे, त्याला मारायला. हे नीट लक्षात ठेवा, कारण ही गोष्ट शिकाऱ्यानं सांगितलेली आहे.

आणि शिकारी कसला! ताज्या कापलेल्या कालवडीच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी आणि चीज चिनी मातीच्या भांड्यात एकत्र शिजवलं. धातूचा वास लागू नये म्हणून ते हाडाच्या सुरीनं कापलं. वास बाहेर येणार नाही अशा कॅप्सुलांत स्ट्रिकनीन (म्हणजे आपल्या काजऱ्याच्या बियांतलं विष) आणि सायनाइड भरून त्या तुकड्यांच्या पोटात घातल्या. हे सगळं करताना हातमोजे कालवडीच्या रक्तात भिजवलेले, आणि आमिषावर स्वतःचा श्वाससुद्धा पडू दिला नाही. दुसऱ्या दिवशी पाहतो तर पहिलं आमिष गायब, दुसरं गायब, तिसरंही गायब. गडी खूश. चौथ्यापाशी पोचल्यावर कळलं: लोबोनं आधीचे तिन्ही तुकडे तोंडात धरून तिथवर आणले होते, चौथ्यावर रचले होते आणि सगळ्यांवर घाण करून तो निघून गेला होता. आमच्या वर्गात या जागी नेहमी टाळ्या पडतात.

माझा निकष इथं लावून बघा. कसं कळलं? ठशांवरून. चारही तुकडे एका जागी पडलेले, भोवती त्या अवाढव्य पंज्यांच्या खुणा. लोबोची जवळजवळ सगळी गोष्ट अशी मातीवर वाचलेली आहे. सापळे लावून रोज माग बघताना सेटनच्या ध्यानात आलं की कधीकधी एका लहान लांडग्याचे ठसे लोबोच्या पुढं जातात. गुराखी म्हणाले, दुसरा कुणी असता तर लोबोनं त्याला फाडला असता. म्हणजे ही मादी, याची जोडीदारीण. त्या एका ठशांच्या रांगेवरून सेटननं सगळा डाव बदलला. ती पांढरी मादी, ब्लांका, सापळ्यात आली. तिला कसं मारलं ते मी वर्गात सांगत नाही. गळ्यात दोन फास टाकून घोडे दोन दिशांना हाकले, एवढंच इथं लिहिते. मग तिचा पंजा कापून सेटननं त्याचे ठसे सापळ्यांच्या वाटेवर उमटवले. त्या खोऱ्यात 130 सापळे मांडले होते. लोबो आला, चारही पाय चार सापळ्यांत अडकले. 31 जानेवारी 1894 ही त्याच्या मरणाची तारीख. जिवंत पकडून आणला होता, साखळीला बांधला होता, अन्नपाण्याला तोंड लावलं नाही, आणि सकाळी मेलेला सापडला.

जोडीदारणीच्या दुःखानं मेला की जखमांनी आणि थकव्यानं? सेटन म्हणतो दुःखानं. हे त्याला कसं कळलं? कळलेलं नाही. चार सापळ्यांचे जबडे पायांत रुतलेला लांडगा रात्रभरात मरायला हृदयभंगाची गरज नाही. पण मला वाटतं हे वाक्य त्यानं लांडग्याबद्दल लिहिलेलंच नाही. स्वतःबद्दल लिहिलंय. ठसे वाचता येणं हा ज्याचा अभिमान होता, त्यानं त्याच विद्येनं एका मादीच्या पंज्याचे खोटे ठसे बनवले. हे त्याला पचलं नाही, आणि ते त्यानं लपवलंही नाही. त्यानंतर वर्षानुवर्षं तो सहीखाली लांडग्याचा पंजा काढत असे.

मेंढपाळांची मुलं मात्र इतकी हळवी होत नाहीत. लोबोच्या टोळीतल्या लांडग्यांनी एका रात्रीत अडीचशे मेंढ्या मारल्या असं गोष्टीत येतं, तिथंच त्यांचा लोबोवरचा जीव उडतो. एकानं विचारलंही होतं, ‘बाई, रात्रभर राखणदार काय करत होता?’ प्रश्न रास्त आहे. ही गोष्ट सेटनची ऐकीव आहे, पाहिलेली नाही.

आता गडबड कुठं आहे ते सांगते. कोल्हिणीच्या गोष्टीत कुत्रे मागं लागल्यावर ती मेंढीच्या पाठीवर चढून काही अंतर जाते आणि वास तोडते. गाडी यायच्या वेळेला कुत्र्यांना रेल्वेपुलावर नेऊन चिरडवणारे कोल्हेही आहेत. शेवटी कोल्हीण साखळीला बांधलेल्या आपल्या पिलाला सोडवू शकत नाही, तेव्हा विष आणून चारते. बांधलेल्या पिलाला आई अन्न आणून देते इथपर्यंत ठीक. पण ते विष आहे हे तिला माहीत होतं आणि गुलामीपेक्षा मरण बरं असं तिनं ठरवलं, हे सेटनच्या डोक्यातलं आहे. इथं जॉन बरोज भडकला. बरोज म्हणजे त्या काळातला अमेरिकेतला सगळ्यात मान्यवर निसर्गलेखक, पांढऱ्या दाढीचा आजोबा. मार्च 1903 च्या ‘अटलांटिक मंथली’त त्यानं सेटनला सोलून काढलं. पुस्तकाच्या नावात एक शब्द घुसवून ‘मला एकट्यालाच माहीत असलेले वन्य प्राणी’ अशी टिंगल केली. पुढं अँड्र्यू कार्नेगीच्या घरच्या जेवणाला दोघं समोरासमोर आले, बरोजनं सेटनचा अभ्यास पाहिला, आणि पुढच्या वर्षी त्याच मासिकात त्याच्याबद्दल बरे शब्द लिहिले. वाद विझला नाही. 1907 मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट भोंदू निसर्गलेखकांवर तुटून पडले, पण सेटनचं नाव त्यात घेतलं नाही.

सेटननं भांडत बसण्यापेक्षा काम केलं. उत्तर अमेरिकेतल्या सस्तन प्राण्यांवर आधी दोन खंड (1909), मग 1925 ते 1928 दरम्यान चार जाडजूड खंड. या कामासाठी 1927 साली त्याला पदक मिळालं, त्या पदकाचं नाव ‘जॉन बरोज पदक’. बरोज तोवर वारला होता, नाहीतर समारंभ बघण्यासारखा झाला असता.

माणूस कोण होता? जन्म 14 ऑगस्ट 1860, इंग्लंडमधल्या साउथ शील्ड्सचा. बापाचा जहाजांचा धंदा बसला आणि 1866 मध्ये कुटुंब कॅनडात आलं. बाप फार कडक. सेटन आत्मचरित्रात सांगतो की एकविसाव्या वर्षी बापानं त्याला हिशेबाची वही दाखवली: जन्माच्या वेळच्या डॉक्टरच्या फीपासून त्याच्यावर झालेला सगळा खर्च, 537 डॉलर 50 सेंट, आणि इथून पुढं व्याज. (हेही त्याच्याच लेखणीतून आलंय, तेव्हा निकष विसरू नका.) टोरोंटोच्या डॉन खोऱ्यात त्यानं लहानपणी कुणाला न सांगता एक झोपडी बांधली होती. ती भटक्या लोकांनी बळकावली. चित्रकला शिकायला लंडनला, मग पॅरिसला. मधल्या काळात मॅनिटोबात भावाच्या शेतावर राहून पक्षी-प्राणी टिपले, आणि एका मोठ्या शब्दकोशासाठी प्राण्यांची हजार चित्रं काढून दिली. 1897 मध्ये यलोस्टोनमधल्या एका हॉटेलच्या उकिरड्यात, कचऱ्याच्या ढिगात लपून अस्वलं बघितली. तिथून जॉनी नावाच्या पिलाची गोष्ट आली. नाव तर इतक्या वेळा बदललं की ग्रंथपालांनी त्याला शिव्या घातल्या असतील: जन्माचा थॉम्पसन, पुस्तकावर सेटन-थॉम्पसन, शेवटी थॉम्पसन सेटन. शोधताना शेवटची दोन्ही नावं टाकून बघा.

स्काउटचा भाग थोडक्यात. कनेक्टिकटमधल्या त्याच्या जमिनीवर गावातली पोरं नासधूस करायची. 1902 मध्ये त्यानं तक्रार न करता त्यांनाच मुक्कामाला बोलावलं, त्यातून मुलांची संघटना उभी राहिली. 1910 मध्ये अमेरिकन बॉय स्काउट सुरू झाली तेव्हा तो तिचा पहिला चीफ स्काउट होता. लष्करी वळण न पटल्यानं पाचेक वर्षांत बाहेर पडला. 1946 मध्ये न्यू मेक्सिकोतच, स्वतः वसवलेल्या वस्तीत वारला. लोबोचं कातडं आजही त्याच राज्यात, स्काउटांच्या फिलमाँट रँचवरच्या संग्रहालयात आहे.

मोगलीशी तुलना होतेच, म्हणून एक सांगते. किपलिंगचं ‘जंगल बुक’ आणि मासिकात आलेला लोबो, दोन्ही 1894 चे. किपलिंगनं ज्या सिवनीचं जंगल रंगवलं ते आपल्या नागपूरच्या उत्तरेला, आणि तिथं तो स्वतः कधी गेला नव्हता. त्याचे प्राणी कायदा बोलतात. सेटनचे प्राणी बहुधा गप्प असतात. अपवाद सशाचा. तिथं तो सरळ सांगतो की सशांना आपल्यासारखी भाषा नाही, त्यांच्या खाणाखुणांचं मी मोकळं भाषांतर करतोय. मला हा प्रामाणिकपणा आवडतो.

मुलीसाठी माझा क्रम असा राहील. आधी ‘टू लिटल सॅव्हेजेस’ (1903). त्यात यान नावाचा मुलगा आहे, त्याची ती रानातली झोपडी आहे, माग काढायला शिकणं आहे, आणि कुणाच्या मरणावर पुस्तक संपत नाही. फक्त अमेरिकेतल्या आदिवासींबद्दलची भाषा त्या काळची आहे, त्यावर बोलावं लागेल. मग ससा आणि कावळा. सशाच्या गोष्टीत आई मरते, कावळ्याला शेवटी घुबड मारतं, पण तोवर मुलीला सेटनची सवय झालेली असेल. वन्य प्राण्याचा शेवट नेहमी शोकांतच असतो, हे तो प्रस्तावनेतच सांगतो आणि शब्द पाळतो. तित्तिराची गोष्ट (रेडरफ) फासात लटकलेल्या पक्ष्यावर संपते, ती मोठ्या माणसालाही जड जाते. ती आणि लोबो वर्षा-दोन वर्षांनी.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे मूळ पुस्तकं नेटवर फुकट आणि कायदेशीर मिळतात, आणि तुम्हाला वाटलं तर मराठीत करून तिला ऐकवायलाही कुणाची परवानगी लागत नाही. एकच पथ्य: स्वस्तातली, नुसत्या मजकुराची आवृत्ती घेऊ नका. ‘वाइल्ड अ‍ॅनिमल्स’मध्ये सेटनची स्वतःची दोनशे चित्रं आहेत, त्यातली बरीच समासात, मजकुराच्या बाजूनं चालत जाणारी. माग काढायचा तर मुलीला तीही हवीत.