रात्रपाळीत ट्रेलर चालवताना डुलकी येण्याआधी स्मार्टवॉच सावध करेल का?

ऐन डुलकीच्या क्षणी नाही. पण न्हावा शेव्याच्या फेरीला निघण्याआधी तुमची झोप पुरेशी झालीय का, हे ते बऱ्यापैकी सांगतं. मनगटावरचं घड्याळ हालचाल आणि हिरव्या प्रकाशाने नाडी मोजतं, डोळे त्याला दिसत नाहीत. ताशी 60 किमी वेगात 4 सेकंदांची डुलकी म्हणजे गाडी सुमारे 67 मीटर बेवारस. तेवढ्यात नाडीवरून इशारा मिळणं कठीण, त्यात स्टिअरिंगचे हादरे वाचन बिघडवतात. चालत्या गाडीत भरवसा ठेवायचाच तर पापण्या किती वेळ मिटल्या ते मोजणाऱ्या डॅशबोर्डवरच्या कॅमेऱ्यावर ठेवा, आणि काळा गॉगल घालू नका.

घड्याळ वापरताना:
- मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, न सरकेल इतकं घट्ट बांधा. नवी मुंबईच्या दमटपणात सेन्सरवर घाम साचतो, तो पुसत जा.
- दिवसाची झोप नोंदली जाते का, हे ॲपमध्ये आधी पाहा. रात्रपाळीवाल्यांची गफलत इथेच होते.
- मागच्या 24 तासांत मिळून 6 तासही झोप नसेल, तर माझ्या मते ती फेरी घेऊच नका.

मात्र कळंबोलीला रांगेत थांबून केबिनमध्ये नुसते निपचित पडलात, तरी घड्याळ त्याला झोप धरू शकतं. म्हणून आकडा चांगला दिसला तरी पहाटे 2 ते 6 मध्ये जांभया सुरू झाल्या, लेन सुटू लागली, की पार्किंगमध्ये गाडी लावून 20 मिनिटं झोपा.