नागपूरजवळच्या एखाद्या छोट्या आदिवासी भाषेत मोजण्याची स्वतःची पद्धत आहे का?

होय. यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर या पट्ट्यातील कोलामी ही द्रविड कुळातील भाषा पाहावी. तिच्यात मूळचे अंक फक्त चारपर्यंत टिकले असून पाचपासून पुढचे अंक तेलुगूतून घेतलेले आहेत. मात्र त्या चारांतच खरी गंमत आहे. दोन वस्तू असतील तर 'इंदिंग', दोन पुरुष असतील तर 'इद्दर' आणि दोन स्त्रिया असतील तर 'ईरल' असे तीन वेगळे शब्द येतात. तीनसाठीही 'मूंदिंग', 'मुग्गुर' आणि 'मुयल' अशी तिहेरी विभागणी आहे. म्हणजे काय मोजतो आहोत हे ठरल्याशिवाय अंकच उच्चारता येत नाही. आपणही दोन, दोघे, दोघी किंवा तीन, तिघे, तिघी म्हणतोच, त्यामुळे मराठी माणसाला ही रीत परकी वाटू नये. वर्धा जिल्ह्यातील कोलामीचे तपशीलवार व्याकरण भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांनी १९५५ साली प्रसिद्ध केले आहे, जिज्ञासूंनी ते जरूर चाळावे.

मेळघाटातील कोरकूची गोष्ट निराळी. ती मुंडा कुळातील असल्याने तिचे अंक त्याच कुळातल्या, पूर्व भारतातील संथाळी भाषेशी जुळतात: दहाला दोन्हींकडे 'गेल', सहाला 'तुरुई'. तिथे मोठी संख्या विसाच्या पटीत मोजण्याची जुनी पद्धत आहे, म्हणजे चाळीस म्हणजे दोन विसा. आपल्याकडच्या खेड्यांतील म्हातारी माणसेही वय सांगताना 'तीन विसा आणि पाच' असेच म्हणत. गोंडीचा उल्लेख मुद्दाम टाळला आहे, कारण लाखो भाषक असलेल्या त्या भाषेला छोटी म्हणणे बरोबर नाही.