प्रश्नावली वाटण्याआधी कागदावर हिशेब कर

शाळेत एसडीक्यू, म्हणजे मुलांच्या भावनिक आणि वागणुकीच्या अडचणी चाळून काढायची प्रश्नावली, घेतोयस, चांगलं आहे. 25 विधानं, पाच-दहा मिनिटांत भरून होतात. पण ‘संवेदनशीलता 80 टक्के’ (खरा त्रास असलेल्यांपैकी इतके सापडतात) वाचून हुरळून जाऊ नकोस. 1000 मुलं धर, त्यातल्या 100 जणांना खरंच त्रास आहे. संवेदनशीलता आणि विशिष्टता (ठणठणीत मुलांपैकी किती बरोबर वगळली जातात) दोन्ही 80 टक्के असली, तर 80 मुलं सापडतील, 20 निसटतील, आणि ठणठणीत 900 पैकी 180 जणांवरही शिक्का बसेल. म्हणजे 260 पैकी जेमतेम 31 टक्के खरे. एवढ्या सगळ्यांना मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) मानसोपचार ओपीडीत पाठवणार का बापा? दुसरी फेरी, म्हणजे शिक्का बसलेल्यांची पुन्हा नीट तपासणी, आधी ठरव.

पालकांच्या फॉर्मला 17, शिक्षकांच्या 16, मुलाने स्वतः भरला तर 20, हे कटऑफ (एकूण गुण इतके किंवा जास्त आले तर त्रास धरायचा) ब्रिटिश मुलांवरून ठरलेत. नागपुरात बसतात का, ते मुलांच्या निदानासाठीच्या मुलाखती घेऊन पडताळ. मुलाखत घेणाऱ्याला प्रश्नावलीचे गुण दाखवू नकोस. कमी गुणांचीही मुलं घे, नाहीतर निसटलेली कळणारच नाहीत. चांगल्या वागणुकीचे पाच प्रश्न एकूण बेरजेत नसतात. नवखे हमखास घालतात.

आणि जूनअखेर शाळा उघडल्या उघडल्या शिक्षकांना फॉर्म देऊ नकोस. तो गेल्या सहा महिन्यांबद्दल विचारतो, आणि बाईंना तेव्हा पोरांची नावंही धड पाठ नसतात.