सेवा करते पण मनातनं चिडचिड होते, मग मी वाईट का?

प्रश्न: नमस्कार सर, मी खानापूर तालुक्यातली. सासरे ३ वर्षं झाली अंथरुणाला खिळून आहेत, एक बाजू गेलीय. भरवणं, अंग पुसणं, रात्री उठून कूस बदलणं सगळं मीच बघते, आमचे हे उद्यमबागला फौंड्रीत शिफ्टला असतात आणि दीर पुण्यात, गणपतीला येतात, दोन दिवस बसून जातात. माझा भाचा बेळगावात बीए करतोय, तो परवा म्हणाला मामी, जुना ग्रीक तत्त्वज्ञ अरिस्टॉटल म्हणतो चांगलं काम करताना ज्याला आनंद होत नाही तो माणूस चांगलाच नव्हे. तेव्हापासनं डोक्यातनं जाईना. मी काही कमी केलेलं नाही, पण आनंद कुठला, आतल्या आत नुसती चिडचिड. मग एवढं करून मी वाईटच का?

उत्तर: वहिनी, नाही. अगदी नाही.

भाच्यानं सांगितलं ते खोटं नाही, अरिस्टॉटलच्या ‘निकोमाखियन एथिक्स’ या नीतीवरच्या ग्रंथाच्या पहिल्या भागात ते आहेच. पण त्या ग्रंथाचे भाग १० आहेत आणि तिसऱ्या भागात, धैर्याबद्दल बोलताना, तो स्वतःच म्हणतो की प्रत्येक सद्गुण वापरताना मजा येतेच असं नाही, ज्यासाठी ते केलं ते साधतं तेवढ्यापुरताच आनंद. उदाहरण देतो मुष्टियोद्ध्याचं, मुकुट मिळणार हे गोड असतं पण ठोसे दुखतातच की, तोही हाडामांसाचाच. आपल्याकडची तालमीतली पोरं बघा, मातीत आपटल्यावर कोण हसतंय? तुमचं रात्री दोनला उठणं म्हणजे ते ठोसे आहेत. सासऱ्यांच्या पाठीला जखम झाली नाही, चादर कोरडी आहे, हे बघून क्षणभर जे बरं वाटत असेल ना, त्याचा आनंद तो म्हणतोय. तो तुम्हाला होत असणार, थकव्यात लक्षात येत नसेल.

आणि मन नको नको म्हणत असताना जो योग्य तेच करतो, त्याला तो वाईटात मोजतच नाही. पूर्ण गुणी माणसाच्या एक पायरी खाली धरतो, पण कौतुकाच्या बाजूलाच.

आता चिडचिडीचं. मला यातलं हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडं घरच्या बाईनं चिडायचंच नाही असं धरून चालतात, अरिस्टॉटल तसं म्हणत नाही. चौथ्या भागात रागाचा वेगळा विचार केलाय त्यानं, योग्य माणसावर, योग्य कारणासाठी, योग्य वेळी आणि योग्य तेवढा वेळ रागावणाऱ्याची तो स्तुती करतो, आणि जिथं राग यायला हवा तिथंही ज्याला येत नाही त्यात तो दोष बघतो. तुमचा राग सासऱ्यांवर निघत असेल तर तो चुकीच्या पत्त्यावर जातोय, त्यांच्या हातात काहीच नाही. पण दीर तीन वर्षं पाहुण्यासारखे येऊन जातात यावर राग आला तर तो बरोबर आहे, आणि तो त्यांना तोंडावर सांगायला पाहिजे.

सुखाचंही तसंच. त्याचा शब्द युडायमोनिया, आपण सुख म्हणतो पण तो मूडबद्दल बोलतच नाही, सगळं आयुष्य कसं जगलं गेलं त्याबद्दल बोलतोय, एक पाकोळी दिसली म्हणून वसंत आला असं होत नाही हे त्याचंच. पुढं स्टोइक पंथाचे तत्त्वज्ञ म्हणाले सद्गुण असला की झालं, बाकी कशाची गरज नाही. अरिस्टॉटलला ते पटलं नसतं. त्याला तब्येत, थोडा पैसा आणि सोबतीची माणसंही लागतात, मैत्रीवर तर त्यानं दोन अख्खे भाग लिहिलेत, आठवा आणि नववा. मीही त्याच्याच बाजूचा. झोप मोडलेल्या बाईला फक्त गुणावर जगा म्हणणं मला पटत नाही.

म्हणून दिरांना फोन करा, गणपतीची वाट बघू नका. महिन्यातनं चार दिवस येऊन राहा म्हणा, नाहीतर रात्रीसाठी बाई ठेवू, निम्मे पैसे तुम्ही द्या. तुमचे यजमानही फोनवर असतील तेव्हाच बोला म्हणजे तुम्हा दोघांचं एकच बोलणं राहील. भाच्यालाही एका रविवारी आजोबांजवळ बसू द्या, आणि त्या दिवशी तुम्ही माहेरी जाऊन या.