नवऱ्याला एचआयव्ही आहे, मला नाही. यवतमाळकडच्या खेड्यात राहतो. मूल होऊ शकतं का?

हो ताई, आणि तुम्हाला लागण न होता. सगळं अडतं ते व्हायरल लोडवर, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्यावर. भाऊजींनी एआरटीची (एचआयव्ही दाबून ठेवणारी) गोळी रोज घेतली आणि रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला, की तो संबंधातून लागत नाही. गोळ्या सुरू होऊन निदान सहा महिने जाऊ द्या, रिपोर्ट हातात घ्या, तोवर निरोध सोडू नका. (कापूस वेचणीच्या धांदलीत गोळी हमखास चुकते. पुडी डब्यासोबतच ठेवा.)

मग डॉक्टरांना विचारून गर्भ राहण्याचे दिवस धरा. पाळी नियमित २८ दिवसांची असेल, तर साधारण १० ते १५ वा दिवस. त्याआधी तुमची एचआयव्ही तपासणी, गरोदरपणात पुन्हा.

वीर्य धुऊन (त्यातला विषाणू वेगळा करून) घ्यायचा खर्चिक उपाय कुणी नागपूरला सांगेल. विषाणू दबलेला असेल तर सहसा गरज नसते.

सरकारी एआरटी केंद्रात गोळ्या आणि व्हायरल लोडची तपासणी मोफत आहे. तिथं ‘मूल हवंय’ असं स्वतःहून बोला. गावात बोभाटा व्हायची भीती असेल, तर २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं ही माहिती गुप्त ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. आधी फोनवर विचारायचं असेल तर सरकारी एड्स हेल्पलाइन १०९७, मोफत.